बोत चिएन: सायगावच्या तळलेल्या तांदूळवड्या कमी तेलात जमतात का?

अर्धीपोळी (शनिवार, रात्री ९.१०)

मंडळी, दिवाळीनंतर आठ दिवस व्हिएतनामला जाऊन आलो. प्रवासवर्णन सवडीनं लिहीन (म्हणजे लिहिणार नाही, तुम्ही ओळखताच). पण शेवटच्या दोन संध्याकाळी सायगावात रस्त्याकडेला जे खाल्लं, त्यावाचून आता चैन पडेना.

नाव बोत चिएन. बोत म्हणजे पीठ, चिएन म्हणजे तळलेलं. तांदळाच्या पिठाची लादी वाफवून घेतात, तिचे जाड चौकोन कापतात आणि परातीएवढ्या सपाट तव्यावर भरपूर तेलात परततात. कडा लालसर झाल्या की वरून अंडं फोडायचं, पातीचा कांदा भुरभुरायचा आणि सगळं एकदम उलटायचं. सोबत किसलेली कच्ची पपई आणि आंबटगोड सोया सॉस. बाहेरून कुरकुरीत, आत मऊ लुसलुशीत. प्लेट 35,000 डोंगला. घाबरू नका, आपले साधारण सव्वाशे रुपये.

घरी दोनदा केलं. पहिल्यांदा उकडीच्या मोदकांची पिठी वापरली, पाणीही उकडीच्याच मापानं, वाटीला वाटी. वड्या पडल्या, पण चावताना सासूबाईंची कवळी हलली. दुसऱ्यांदा एका व्हिडिओत बघून चौपट पाणी घातलं, कालवलं आणि थेट वाफवायला ठेवलं. खाली दगड आणि वर जेली. ती जेली तव्यावर टाकली तर तिनं तवाच धरला.

त्यात नवऱ्याचं कोलेस्टेरॉल वाढलंय, त्यामुळे तिथल्यासारखं तेलात पोहायला सोडणं शक्य नाही. कमी तेलात होईल का? एअर फ्रायर आहे घरात. प्रामाणिक उत्तरं द्या.

पोटोबा

फोटो नाहीत. धागा बाद.

ओलंखोबरं

तोंपासु (तोंडाला पाणी सुटलं). पण हे वाचताना मला सारखी कोथिंबीर वडीच दिसतेय. वाफव, थंड कर, काप, तळ. फरक इतकाच की बेसनाऐवजी तांदूळ.

मिरचीचा_ठेचा

हलकं करायचं असेल तर तळूच नका ना. वाफवलेली लादी खा, वर सॉस घाला. काम तमाम.

अर्धीपोळी

@ठेचा, ती खाल्ली आहे. दुसऱ्या प्रयत्नात तेच उरलं होतं. आजारपणातलं जेवण लागतं.

सायगावकर (रविवार, सकाळी ६.५०)

मी इथं चार वर्षं आहे, नोकरीनिमित्त. (आयडीवर कोटी करू नका, सगळ्या करून झाल्यात.) थोडं सविस्तर लिहितो.

हा मूळचा इथल्या चिनी लोकांचा पदार्थ. चोलॉन म्हणून जुना चिनी वस्तीचा भाग आहे, तिथून तो शहरभर पसरला. दुपारी तीन-चारनंतर गाड्या लागतात आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणजे शाळा सुटलेली पोरं. बुटकी प्लास्टिकची स्टुलं, गुडघे हनुवटीला, आणि समोर प्लेट. हे मुद्दाम सांगतोय, कारण इथं हे जेवण म्हणून सहसा कुणी खात नाही. चारच्या खाण्याचा पदार्थ आहे, आपल्याकडच्या वडापावसारखा. एक प्लेट दोघांत. तुम्ही दोन संध्याकाळी किती प्लेटी खाल्ल्या ते आधी कबूल करा.

दुसरं, बऱ्याच गाड्यांवर तेल नसतं, डुकराची चरबी असते. ती खमंग चव त्यातूनच येते. शाकाहारी मंडळींनी 'चाय' हा शब्द पाठ करावा, म्हणजे शाकाहारी. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी इथले कितीतरी बौद्ध लोक चाय पाळतात. त्या दिवशी गाडीवर विचारायलाही सोपं जातं.

आता पीठ. इथलं तांदळाचं पीठ भिजवलेल्या तांदळाचं, ओलं दळून मग वाळवलेलं असतं. गंधासारखं मऊ. शिवाय तांदूळ चिकट नसलेला. मोदकाची पिठी आंबेमोहोराची असेल तर तिचा गुणच चिकटपणा आहे. मोदकाला तोच हवा, इथं तोच नडतो. त्यात थोडं टॅपिओका स्टार्च घालतात, म्हणजे वडी चिवट न होता लवचिक राहते. आमच्या शेजारच्या बाईंचं माप: 200 ग्रॅम पीठ, 40 ग्रॅम टॅपिओका, 600 ते 650 मिली पाणी, अर्धा चमचा मीठ, एक चमचा तेल.

अर्धीपोळी

चार प्लेटी. दोघांत. दोन दिवसांत. (म्हणजे प्रत्येकी दोन, असं म्हटलं की बरं वाटतं.)

निवगरी

अर्धीपोळी, तुझ्या दुसऱ्या प्रयत्नात काय चुकलं ते मी सांगते. तांदळाचं पीठ पाण्यात विरघळत नाही गं, तळाशी बसतं. थाळी कुकरमध्ये जाईपर्यंत पीठ खाली आणि पाणी वर. म्हणून खाली दगड, वर जेली.

आधी कढईत मंद गॅसवर घे आणि ढवळत राहा. पाच-सहा मिनिटांत ते इडलीच्या पिठाइतकं दाट होतं. गुठळ्या दिसायला लागल्या की गॅस बंद, जोरात घोट, आणि लगेच तेल लावलेल्या ढोकळ्याच्या थाळीत ओत. दोन बोटं जाडी पुरे. मग वाफवायचं, शिटी काढून, पंचवीस ते तीस मिनिटं. झाकणाला फडकं बांध, नाहीतर वाफेचं पाणी टपकून वरचा थर पुन्हा चिकट होतो. हे फडक्याचं आपण ढोकळ्याला करतोच.

आणि गरम असताना कापायला जाऊ नकोस. रात्रभर फ्रिजमध्ये. कोथिंबीर वडी आपण घाईत गरमच कापतो आणि चुरा करून घेतो, तेच इथं.

दुपारचाचहा

टॅपिओका स्टार्च म्हणजे साबुदाण्याचंच भावंड ना? दोन्ही कसाव्याच्या कंदाचे. मग साबुदाणा मिक्सरला बारीक करून चालेल का? ऑनलाइन मागवायचा कंटाळा.

निवगरी

चालतो. मी केलंय. चाळून घे, कणी राहिली तर वडीत डोळे दिसतात. साबुदाणा करताना त्याला आधीच उष्णता लागलेली असते, म्हणून पाणी जरा जास्त पितो. पाव वाटी वाढव.

पोटोबा

म्हणजे एकादशीला चालेल?

निवगरी

तांदूळ आणि अंडं सोडून चालेल.

सिंगापूरची_सुगरण

अगं, हे तर आमच्याकडचं 'कॅरट केक'! इथल्या खाऊगल्ल्यांत मिळतं, चाय तो क्वे म्हणतात. गाजर औषधालाही नाही, असतो तो पांढरा मुळा. होक्कियन भाषेत मुळ्याला आणि गाजराला एकच शब्द लागतो (गाजर म्हणजे 'लाल मुळा'), इंग्रजी करताना कुणीतरी गाजर धरलं आणि ते चिकटलं. नवीन आलेल्या प्रत्येक मराठी माणसाला मी एकदा तरी 'चला, केक खाऊ' म्हणून फसवलंय.

पण अर्धीपोळी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. मुळा घाल. पाव किलोभर मुळा किसून थोडा वाफवून घ्यायचा, त्याचं पाणी फेकायचं नाही, तेच पिठात वापरायचं. पीठ 150 ग्रॅमवर येतं आणि लादी तेवढीच होते. वडी जास्त मऊ आणि खरोखर हलकी लागते.

मिरचीचा_ठेचा

मुळा आणि हलकं एका वाक्यात? आमच्या घरी मुळा खाल्ल्यावर खिडक्या उघडतात.

सायगावकर

मुळ्याचं इथंही मिळतं, पण त्याला नाव वेगळं. बोत चिएनमध्ये आर्वीच्या जातीचा कंद घातलेला प्रकारही गाड्यांवर असतो. तो मला साध्यापेक्षा आवडतो, फक्त तो हलका मुळीच नाही.

वजनकाटा (रविवार, दुपारी २.३०)

सगळेजण तेलाच्या मागे लागलेत म्हणून जरा हिशोब मांडतो. आयडीला जागतोय.

240 ग्रॅम पीठ आणि स्टार्च म्हणजे साधारण 850 कॅलरी. चौघांत वाटली तर माणशी 210-215. एक अंडं 75 च्या आसपास. तेल एक चहाचा चमचा म्हणजे 45, पोह्याचा मोठा चमचा म्हणजे 120. गाडीवाला माणशी दोन मोठे चमचे सहज वापरतो, तिथं 240. घरी तेच दीड चहाच्या चमच्यावर आणलं तर 70. म्हणजे वाचले 170. चांगली गोष्ट आहे, नाही म्हणत नाही.

पण मग लोक काय करतात? 'हलकं आहे' म्हणून दोन प्लेटी खातात आणि वाचवलेलं सगळं पिठातून परत आणतात. वरून तो सॉस. साखर आहेच, शिवाय सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात 900 मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम. बऱ्याच कोलेस्टेरॉलवाल्यांना बीपीही असतं.

तेव्हा सायगावकर म्हणाले तेच, एक प्लेट दोघांत. आणि त्यातही निम्मी प्लेट वड्या, निम्मी पपई.

दुपारचाचहा

माझ्या वडिलांना डायबेटिस आहे. कुठंतरी वाचलं की भात किंवा तांदळाचं काही रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं की साखर वाढत नाही. मग ही लादी त्यांना चालेल की!

वजनकाटा

'वाढत नाही' नाही, 'थोडी कमी वाढते'. थंड होताना स्टार्चचा काही भाग पचायला कठीण असा होतो, हे खरं. लादी घट्ट होते तीही त्याच प्रक्रियेतून. पण तो भाग लहान असतो. त्याच्या भरवशावर काकांना प्लेट देऊ नका. दोन तुकडे, अंडं आणि भरपूर पपई द्या, आणि दोन तासांनी ग्लुकोमीटर लावा. तोच खरं सांगेल.

ओलंखोबरं

एक अवांतर. हनोईत एक मावशी छोट्या खळग्यांच्या तव्यात पिवळी आप्पेसदृश काहीतरी करत होती, वर कोळंबी. धागा त्यावर आहे असं आधी वाटलं. ते काय?

सायगावकर

बान खॉत. दक्षिणेतलं, वुंग ताऊ या समुद्रकाठच्या शहरात फार प्रसिद्ध. तांदळाचं पीठ, हळद, नारळाचं दूध. आप्पेपात्रात बिनदिक्कत होतं, माझ्या आईनं इथं आल्यावर पहिल्याच आठवड्यात केलं आणि 'यांनी आपलं उचललं' असं जाहीर केलं. त्याचा मोठा भाऊ बान सेओ, आपल्या घावनासारखा, त्यातलं 'सेओ' म्हणजे तव्यावर पीठ पडल्यावरचा चर्र आवाज.

नाखवा

घावन, आप्पे, कोलंबी, नारळ. अरे हे व्हिएतनाम आहे की मालवण?

पोटोबा

धागा चालला कोकणात. संपादक, लक्ष असू द्या.

कढीलिंब

मूळ प्रश्नावर येते. एअर फ्रायरमध्ये मी हे तीनदा केलंय, त्यामुळे हक्कानं सांगते: नको.

200 अंशावर पंधरा मिनिटं ठेवलं. वरचं साल वाळलं, कुरकुरीत नाही झालं. जुन्या पापडासारखं चामट. तेलाचं बोट फिरवलं तेव्हा बरं होतं, पण अंडं कुठे घालणार? जाळीतून खाली. वेगळं ऑम्लेट करून वर ठेवलं तर सगळे सुटे सुटे. या पदार्थात अंडं वड्यांना धरून ठेवतं, त्यातच मजा आहे.

त्यापेक्षा बिडाचा तवा. आधी वड्या पुसून कोरड्या करायच्या. मी तर कापून ताटात पसरते आणि झाकण न घालता तासभर फ्रिजमध्ये ठेवते. वरचं पाणी उडेपर्यंत वडी काही लाल होत नाही, ती नुसती शिजत बसते आणि तव्याला चिकटते. तवा कडक तापवायचा, चौघांच्या वड्यांना दोन चहाचे चमचे तेल, ब्रशनं. वड्या ठेवल्या की हात बांधून उभं राहायचं. चार मिनिटं हलवायचं नाही. आपण सगळ्या जणी उलथनं घेऊन सारखं खरवडत बसतो, तिथंच चुकतं. खालची बाजू तयार झाली की ती आपणहून सुटते. मग उलटायचं, आणखी तीन मिनिटं, मग जवळजवळ सारायच्या आणि वर फेटलेलं अंडं.

मिरचीचा_ठेचा

नॉनस्टिक?

कढीलिंब

चालतं. चिकटणार नाही, पण तो रंगही येणार नाही. पहिल्यांदा करताय तर नॉनस्टिक घ्या, संसार वाचेल.

सिंगापूरची_सुगरण

कढीलिंब +१. फक्त दोन चमचे चौघांना कमी वाटतात, मी तीन घेते.

अनसूया_आत्या

आम्ही अंडं खात नाही. आम्हाला काही आहे का, की नुसतं वाचून समाधान मानू?

ओलंखोबरं

आत्या, वरून पातळ बेसन ओता, धिरड्यासारखं.

निवगरी

मग ते पिठलं-वडी होईल. आत्या, टोफू किंवा पनीर कुस्करून घ्या, हळद-मीठ लावून, आणि पातीचा कांदा दुप्पट. वड्या थोड्या सुट्या राहतील, चवीला छान लागतात. सॉससुद्धा घरी करा. तीन चमचे सोया, एक व्हिनेगर, एक साखर, तीन गरम पाणी. वजनकाट्यांना घाबरत असाल तर पाणी आणि व्हिनेगर वाढवा, सोया कमी करा.

नाखवा

चिंच-गुळाची चटणी का नको? घरातच असते.

सायगावकर

घाला की. वर शेव घाला, कांदा घाला, आणि चौपाटीवर गाडी लावा.

नाखवा

तुम्ही तिथं राहून फारच कडक झालात हो. हलकेच घ्या.

सायगावकर

घेतलं. पण खरंच सांगतो, त्या सॉसचं काम वड्यांना खारटपणा देणं आहे, कारण लादीला स्वतःची अशी चव फारशी नसते. चिंच-गुळानं ती गोड होऊन बसते. आणि पपई वगळू नका. कच्ची, किसून, मीठ लावून दहा मिनिटांनी पिळायची, मग थोडं व्हिनेगर-साखर. तळलेल्यावर तो आंबट करकरीत घास लागतोच.

पोटोबा

पपई किसताना आज बायकोनं मला कामाला लावलं. बोत चिएन राहिलं बाजूला, बोट चिरलं. फोटो आहे, टाकू का?

अर्धीपोळी

नको!!

ओलंखोबरं

चला, धाग्याला फोटो मिळत होता, तोही गेला.

अर्धीपोळी (पुढचा शनिवार, रात्री १०.०५)

वृत्तांत. शुक्रवारी रात्री लादी, आज दुपारी वड्या.

पीठ साधं, वाण्याकडचं, मोदकाचं नाही. साबुदाणा दळून चाळला. निवगरीताईंच्या सांगण्यावरून आधी कढईत घोटलं, आणि इथंच अर्धी लढाई जिंकले. लादी एकसारखी बसली, सकाळी सुरीला चिकटली नाही. अर्ध्या लादीत मुळा घालून पाहिला, अर्धी साधी. कढीलिंब म्हणाली तसं हात बांधून उभी राहिले. तिसऱ्या मिनिटाला राहवेना म्हणून एक कोपरा उचलला, तो तुटला. बाकीच्या सुटल्या आपणहून, अगदी लाल.

तिथल्यासारखं झालं का? नाही. तो चरबीचा खमंगपणा नाही आणि इतक्या कडेपर्यंत कुरकुरीतही नाही. तुकडा जरा थंड झाला की मऊ पडतो, म्हणून तव्यावरून थेट ताटात हवं. पण मऊपणा, अंडं, पपई, सॉस, सगळं जागेवर. मुळ्याची साध्यापेक्षा जास्त आवडली, नवऱ्याला न सांगता वाढली होती. खिडक्या बंदच आहेत अजून, @ठेचा.

एअर फ्रायरमध्येही चार तुकडे टाकले होते, हट्टानं. कढीलिंब, माफी असावी.

कढीलिंब

चामट?

अर्धीपोळी

चपलेचा पट्टा.

सायगावकर

मुळ्याच्या लादीत थोडी मिरपूड घालून बघा पुढच्या वेळी. आणि वड्या अंगठ्याएवढ्या जाड ठेवा, पातळ केल्या की आतला मऊपणा जातो आणि उगाच जास्त तेल लागतं.

दुपारचाचहा

बाबांना तीन तुकडे दिले काल. दोन तासांनी मोजली, नेहमीच्या भातापेक्षा काही वेगळी नव्हती. पण ते पपईच जास्त मागत होते, त्यामुळे जमतंय.

वजनकाटा

उत्तम. अर्धीपोळी, शेवटी एकूण तेल किती लागलं? खरं सांगा.

अर्धीपोळी

चौघांना मोजून दोन चहाचे चमचे घेतले होते. मी पपई पिळायला वळले तेवढ्यात सासूबाईंनी 'कोरडं दिसतंय गं' म्हणत कडेनं तिसरा सोडला.